स्टेपनी वर, सळई गायब

प्रश्न : नुकतीच 2013 सालची आठ आसनी व्हॅन सेकंडहँड घेतली. जॅक आहे, चाकाचा पाना आहे, पण स्टेपनी खाली सोडायची लांब सळई आधीच्या मालकाकडेच हरवली. स्टेपनी मागे गाडीच्या पोटाखाली तारेवर टांगलेली आहे. बंपरच्या वरच्या भोकातून टॉर्च मारला की आत सहा कडांचं डोकं दिसतं. ओळखीचे एक जण म्हणतात, वेळ आली तर खाली शिरून तार कापायची. सुटीत आईला तुळजापूरला न्यायचंय. काय करू?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तार कापायचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. टायर आणि लोखंडी रिम मिळून वीस किलोच्या आसपास वजन असतं, आणि खाली शिरून तार कापणाऱ्याच्याच अंगावर ते येतं. वर नवीन विंच, म्हणजे तार गुंडाळणारी यंत्रणा, घ्यावा लागतो तो वेगळाच.

तुम्ही टॉर्च मारून डोकं बघितलंत, हे फार चांगलं केलंत. सगळ्या गाड्यांना एकच सळई चालत नाही. कुठे सहा कडा, कुठे चौकोन, तर कुठे नुसती खाच असते. तुमच्याकडे सहा कडा आहेत, म्हणजे काम सोपं आहे. आता माप हवं. काठीच्या टोकाला घट्ट मळलेल्या कणकेची गोळी लावा आणि भोकातून सरळ आत घालून डोक्यावर दाबा. कणकेवर छाप उठतो. त्याच काठीवर बंपरपर्यंत खूण करा, म्हणजे खोलीही कळली. कणीक आणि काठी घेऊन जा, कुठलाही मेकॅनिक बरोबर नंबर काढून देईल.

कुणाकडे अर्ध्या इंचाचा गोटी पाना सेट असेल तर त्या नंबरची गोटी (डोक्यावर बसणारा नळीसारखा तुकडा) आणि दोन-तीन एक्स्टेन्शन दांडे एकमेकांत बसवून काम होतं. फक्त सांध्यांवर इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळा. गोटी आत सुटून पडली तर ती काढण्यातच अर्धा दिवस जातो.

पण गाडी तुमचीच आहे, तर कायमची सळई करून घ्या असं मी म्हणेन. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांची कामं करणारे वेल्डिंगवाले आहेत, त्यांना हे काम काहीच नाही. साधा नळीचा बॉक्स पाना घ्या, त्याला जाड सळई जोडा आणि दुसऱ्या टोकाला आडवा दांडा. चकचकीत महागड्या गोटीवर वेल्डिंग करू नका, ती जोडाजवळ ठिसूळ होते. वेल्डिंगचा फुगवटा घासायला सांगा, नाहीतर सळई बंपरच्या भोकातच अडते.

आता स्टेपनी घरीच, सपाट जागेवर, एकदा खाली काढून बघा. ही गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो, कारण 2013 पासून ती खाली आली असेलच याची खात्री नाही. आपली काळी माती पावसात चिकटते आणि उन्हात दगड होते. विंचच्या तोंडात ती भरलेली असेल तर आधी तारेने खरवडून काढा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी सळई डाव्या बाजूला, म्हणजे घड्याळाच्या उलट, हळूहळू फिरवा. हातानेच फिरवा. इम्पॅक्ट गन लावली की आतले दाते जातात.

कधी तार सैल पडते आणि चाक मात्र वरच राहतं. चिखलाने किंवा गंजाने चिकटलेलं असतं, काही गाड्यांत सुरक्षेची दुसरी कडीही असते. अशा वेळी खाली वाकून हात घालू नका. दोन फेरे परत वर घ्या, पुन्हा सोडा, आणि बाजूला उभं राहून लांब बांबूने टायरला ढकला. एवढ्यानेही नाही आलं तर गॅरेजला न्या. तिथे खालून जॅक आणि ठोकळ्यांचा आधार देऊन मगच विंच उघडतात.

चाक जमिनीवर आल्यावर तार आणखी थोडी सोडा, तिच्या टोकाची पट्टी तिरकी करून रिमच्या भोकातून काढा आणि रिकामी तार वर गुंडाळून घ्या. ती लोंबत ठेवून गाडी चालवायची नाही.

मग टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. 3312 असेल तर टायर 2012 च्या तेहेतिसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी इतक्या जुन्या रबरावर आईला बसवू नका, टायर बदला. हवा भरून घ्या आणि पुढे दर महिन्याला तपासा.

तुळजापूरच्या वाटेवर टायर गेलाच तर गाडी डाव्या कडेला पूर्ण बाहेर घ्या, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, चाकामागे दगड लावा आणि आईला रस्त्यापासून लांब उभं करा. मागचं चाक बसलं असेल तर स्टेपनी खालून सरकत नाही. ती आधी खाली सोडा, गाडी जॅकवर घ्या आणि मग बांबूने किंवा सळईनेच ओढून काढा. तो राष्ट्रीय महामार्ग आहे, 1033 वर फोन केलात तर मदत येते.