चूल इथे, पगार मुंबईत: मग आमचं कुटुंब कोणतं?

प्रश्न: मुलगी एस.वाय.बी.ए.ला आहे. टी.वाय.ला समाजशास्त्रच घ्यायचं म्हणते. ‘कुटुंबाचे प्रकार’ शिकून आली आणि मला विचारलं, “बाबा भांडुपला, आजी आणि आपण इथे. मग आपलं कुटुंब एकत्र की विभक्त?” मला सांगता आलं नाही. घरचे म्हणतात, घरातल्या गोष्टी शिकायला डिग्री कशाला? यातून नोकरी मिळेल का?
– एक आई, देवगड तालुका

ताई, नमस्कार.

नोकरीचं सांगते, पण आधी लेकीचा प्रश्न. तो मला फार आवडला, कारण या विषयातल्या मोठ्या माणसांनी त्यावर वर्षानुवर्षं डोकं घातलंय. इरावती कर्वे यांनी १९५३ साली एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या: एक छप्पर, एका चुलीवरचं जेवण, सामायिक मिळकत, एकत्र देवकार्य आणि आपसात नातं. आता तुमचं घर बघा. छपरं दोन, चुली दोन. पण सातबारावर चुलत्यांची नावं अजून एकत्र असतील, आणि गणपती मूळ घरात एकच येत असेल, तर पाचातल्या तीन खुणा जुळतात, दोन नाहीत. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा या छोट्या शहरात कुटुंबं अभ्यासली, तेव्हा एका छपराखाली कोण राहतं यापेक्षा देणंघेणं आणि जबाबदारी कोणाकोणात आहे, याला महत्त्व दिलं. ए. एम. शहा यांनी तर ‘घर’ आणि ‘कुटुंब’ हे शब्दच वेगळे ठेवायला सांगितलं. त्या हिशेबाने तुमची घरं दोन आणि कुटुंब एक.

भूमिकांचंही तसंच. पुरुष कमावतो, बाई घर सांभाळते, ही मांडणी समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५० च्या दशकातल्या अमेरिकेकडे बघून केली. तुमच्याकडे मालक भांडुपला. मग बँकेत कोण जातं, कलमांच्या साफसफाईला गडी कोण बघतं, शाळेच्या मीटिंगला कोण बसतं? २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरी जिल्ह्यात ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या. चाकरमानी बाहेर गेले की कर्तेपण कोणाकडे येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण ते अजून कागदावर पुरेसं दिसत नाही, आणि तेच शोधायला तुमच्या मुलीसारखी माणसं लागतात.

आता नोकरी. नुसत्या बी.ए.वर भरवसा ठेवू नका, हे स्पष्ट सांगते. एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा केली तर प्राध्यापकी, पण जागा कमी आणि वाट बघावी लागते. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केली तर रुग्णालयं, बालसंरक्षण, कुटुंब समुपदेशन. मला तिच्यासाठी तिसरी वाट जास्त योग्य वाटते: लोकसंख्या अभ्यास. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तिच्याकडेच असतं. त्यासाठी संख्याशास्त्राची भीती घालवायला हवी, एक्सेल तर आजच सुरू करू दे. यूपीएससीलाही समाजशास्त्र वैकल्पिक विषय आहे आणि त्यात कुटुंब-नातेसंबंध येतात. घरच्यांना एवढंही सांगा, की मुंबई विद्यापीठात हा विषय रुजवणारे गो. स. घुर्ये मालवणचे.

फॉर्म भरण्याआधी एक करा. यंदा गणपतीला सगळे गावाला आले, की तिने वाडीतल्या वीस घरांत वही घेऊन जावं. रोज चुलीवर किती जण जेवतात, पैसे कुठून येतात, रेशनकार्डावर कोण, सातबारावर कोण, गणपती कुठे, एवढंच विचारावं. आधी परवानगी घ्यावी, वहीत नावं लिहू नयेत, भाऊबंदकीत तोंड घालू नये. पाचव्या घरालाच कंटाळली, तर विषय बदलायला वेळ आहे. विसाव्या घरातून निघताना आणखी दहा घरं हवीशी वाटली, तर अडवू नका.

पहिलं घर तुमचंच घ्यावं. “आपल्या कुटुंबात कोण कोण?” हे तिने तुम्हाला, आजीला आणि बाबांना वेगवेगळं विचारावं. उत्तरं जुळली नाहीत, तर तिन्ही तशीच लिहून ठेवावीत.