पाचही स्पीकरमधून आवाज येतो म्हणजे सराउंडच ऐकताय असं नाही

तुम्ही लिहिलंय की तीन एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) घेतल्या, प्लेअर ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या यंत्राला) जोडलाय, आवाज पाचही स्पीकरमधून येतो पण सगळं सपाट, गाणारा मागून पण गातोय असं वाटतं, आणि आता सराउंडच्या डिस्क घेणं बंद करून साध्या सीडीवरच राहावं का. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण नेमक्या याच घोळात मी दीड वर्षं काढलंय.

स्पीकर जोडणी वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय दिसतं ते आधी बघा. माझ्याकडे प्रो लॉजिक यायचं आणि मी समजायचो की सराउंड चालू आहे. प्रत्यक्षात रिसीव्हरला दोनच चॅनल मिळत होते आणि तो स्वतःच्या अंदाजाने ते पाच जागी वाटत होता. हायब्रिड एसएसीडीवर साध्या सीडीचा थर वेगळा असतो आणि डीएसडीचा (एसएसीडीचा स्वतःचा डिजिटल फॉरमॅट) वेगळा, मल्टिचॅनल (दोनपेक्षा जास्त चॅनलचा आवाज) असेल तर तो डीएसडीच्या थरात. ऑप्टिकलमधून एकतर दोन चॅनलचं पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) जातं नाहीतर दाबलेलं डॉल्बी, डीटीएस. एसएसीडीचं मल्टिचॅनल त्यातून जातच नाही, त्याला एचडीएमआय लागते (डीएसडी थेट पाठवायचं तर १.२ किंवा पुढची) नाहीतर सहा अ‍ॅनालॉग वायरी.

आता माझं नुकसान कुठे झालं ते सांगतो. पहिल्या दिवशी एसएसीडी लावली तर आवाजच येईना. प्लेअरच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, त्यांनी सांगितलं सेटिंगमध्ये सीडी लेयर निवडा, आवाज येईल. आला! नंतर दोनदा फोन करून विचारलं की हा आवाज इतका मिळमिळीत का, तर दोन्ही वेळा एकच उलट प्रश्न, पाचही स्पीकर वाजतायत ना, मग सिस्टीम ठीक आहे, डिस्कचं रेकॉर्डिंगच तसं असेल. कोणती केबल लावलीय हे एकानेही विचारलं नाही. तेवढा एक प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांचं काम होतं, याचा मला आजही राग येतो. मी त्यांच्यावर विश्वास ठेवून मागचे स्पीकर बदलले, तरी फरक नाही, मग सात डिस्क मिळेल त्या भावात विकून टाकल्या. पुढे त्यातलीच एक मित्राकडे ऐकली, कोरस पूर्ण मागून, गिटार डावीकडे स्वच्छ वेगळी, आणि गाणारा समोर जिथे हवा तिथेच. सातपैकी दोन आता नव्या कुठेच मिळत नाहीत, जुन्या निघाल्या तर भाव ऐकवत नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत, आधी जोडणी, मग डिस्कबद्दल निर्णय. तोपर्यंत नवीन घेऊ नका आणि हातातली तर अजिबात विकू नका.

घेताना नुसता एसएसीडीचा लोगो बघून भुलू नका, कित्येक एसएसीडी फक्त स्टिरिओ असतात, मागच्या बाजूला मल्टिचॅनल लिहिलंय का ते वाचा. डीव्हीडी-ऑडिओचं पण असंच, बहुतेक डिस्क साध्या डीव्हीडी प्लेअरवर वाजतात पण तिथे ऐकू येतं ते बहुतेक वेळा दाबलेलं डॉल्बी, म्हणजे जास्तीत जास्त ४४८ केबीपीएस. खरा माल म्हणजे मल्टिचॅनलमध्ये २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा एमएलपी (काहीही न गमावता दाबलेला आवाज), तो डीव्हीडी-ऑडिओ वाचणाऱ्या प्लेअरवरच निघतो. ब्लू-रेवरचं ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओसुद्धा ऑप्टिकलमधून पूर्ण येत नाही.

पण फॉरमॅटपेक्षा मिक्स (कुठला आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा ती जुळवणी) मोठं, निदान माझ्या कानांना तरी. मूळ मल्टिट्रॅकवरून (प्रत्येक आवाज, वाद्य वेगळं असलेल्या रेकॉर्डिंगवरून) केलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मिक्स साध्या डीटीएसमध्येसुद्धा मजा देतो, आणि तयार स्टिरिओ ताणून बनवलेला ५.१ कितीही हाय-रेझ असला तरी पोकळच वाटतो. त्यामुळे मिक्स कोणी केला, कशावरून केला हे पुस्तिकेत छापलेलं नसेल तर मी डिस्क उचलत नाही. लाइव्ह कार्यक्रमाच्या बऱ्याच डिस्कमध्ये मागून फक्त टाळ्या आणि हॉलचा घुमारा असतो, त्यासाठी जास्त पैसे मी तरी देणार नाही, कोणाला तेच आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

आणखी एक, सहा अ‍ॅनालॉग वायरींनी जोडलंत तर बरेच रिसीव्हर त्या इनपुटवर बास मॅनेजमेंट (खोल आवाज सबवूफरकडे वळवणं) करत नाहीत. स्पीकर छोटे असतील तर ते प्लेअरच्या मेनूत सेट करावं लागतं, नाहीतर बास गायब होतो आणि पुन्हा दोष डिस्कला.

तुमच्या प्लेअरचं मॉडेल मला माहीत नाही, एचडीएमआय असूनही एसएसीडी मल्टिचॅनल बाहेर न देणारे प्लेअर असू शकतात, त्यामुळे मॅन्युअल बघूनच केबल आणा. जोडल्यावर प्लेअरमध्ये मल्टिचॅनल निवडा, रिसीव्हरवर प्रो लॉजिक बंद करा आणि डिस्प्लेवर डीएसडी किंवा मल्टिचॅनल आलं की त्याच तीन डिस्क परत लावा. काय दिसलं ते इथे लिहा, मी बघतो.