बँकॉकला शिकवायला जाताय? खोली इथून बुक करू नकोस

अरे, पुण्यात बसून फोटो बघून खोली घेऊ नकोस, सगळ्यात मोठी चूक तीच. आधी आठवडाभर हॉटेलात रहा आणि शाळेच्या वेळेला खोलीपासून शाळेपर्यंत खरंच जाऊन बघ, कारण तिथे सकाळी ८ ला राष्ट्रगीत, म्हणजे साडेसातला गेटवर, आणि कोथरूड-हिंजवडी केलेल्याला ट्रॅफिकचं वेगळं सांगायला नको.

- सुखुमवित या मोठ्या रस्त्याच्या मध्यावर भाडं जास्त. त्याच बीटीएस (उन्नत मेट्रो) लाइनवर पुढे ऑन नुट स्टेशनचा भाग बघ. स्टेशनपासून घरापर्यंतची सोई, म्हणजे गल्ली, स्वतः चालून बघ, भर उन्हात.
- साधारण २ महिन्यांचं डिपॉझिट, १ महिन्याचं आगाऊ भाडं. तेवढे पैसे हाताशी ठेव.
- वीज युनिटमागे मालक किती लावतो? मी विचारलं नव्हतं, एप्रिलमध्ये एसीच्या बिलाने रडवलं.

बऱ्याच खोल्यांना स्वयंपाकघरच नसतं, मी फोडणी बाल्कनीत इंडक्शनवर द्यायचो. बिनधास्त जा, जमेल तुला.