देव पडला तर?

प्रिय बाय,

परवा काकाने गावाहून शिमग्याचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या होळीच्या सणाचा, पालखी नाचवतानाचा व्हिडिओ पाठवला. तू तो तीनदा बघितलास आणि झोपायला जाताना विचारलंस, "बाबा, देवाला इतकं गदागदा का हलवतात? तो पडला तर?" सकाळी तुझी शाळा होती, म्हणून "नाही गं पडत" म्हणून मी दिवा घालवला. पण खरं उत्तर एवढ्यात संपणारं नाही. टोरोंटोत आज पुन्हा बर्फ पडतोय, गाडी काढायची नाही, तेव्हा बसून लिहितोय. कुठला शब्द अडला तर आईला विचार, पण शेवटपर्यंत वाच.

आधी पालखीत काय असतं ते सांगतो. आपलं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात. तिकडे प्रत्येक गावाचं आपलं दैवत असतं. कुठे वाघजाई, कुठे जाखमाता, कुठे केदारलिंग, कुठे सोमजाई. वर्षभर देव देवळात असतो आणि माणसं त्याच्याकडे जातात. फाल्गुन महिन्यात मात्र देवच माणसांकडे येतो. देवाचे मुखवटे पेटीतून बाहेर निघतात. त्यांना आम्ही 'रूपं' म्हणतो. गावचे मानकरी आणि गुरव सगळ्यांसमोर ती पालखीत बसवतात, वस्त्रं नेसवतात, फुलं घालतात. त्या दिवशी गावात जो भेटेल तो सांगतो, "पालखीला रूपं लागली." मुंबईत असलेल्या माणसाला फोनवर एवढं एक वाक्य ऐकू आलं तरी तो तिकिटाच्या मागे लागतो.

ही रूपं पालखीत नुसती ठेवलेली नसतात, पक्की बांधलेली असतात. म्हणून पडत नाहीत. हे झालं सोपं उत्तर.

दुसरं उत्तर मला तुझ्या आजोबांनी दिलं. मी सोळा वर्षांचा होतो. पालखी आमच्या वाडीत आली होती, संध्याकाळची वेळ, अंगण शेणाने सारवलेलं. मागचा माणूस दमला आणि कुणीतरी मला पुढे ढकललं. खांद्यावर पंचाची घडी ठेवली आणि दांडा टेकला. तो दांडा मला अजून आठवतो. वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला, गुलालाने लालसर, आणि वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जड. ढोल सुरू झाला, ताशा तडतडला, सनईने सूर धरला आणि पुढचा गडी गुडघ्यात वाकून नाचायला लागला. माझी नजर सारखी वर, देवाकडे. पाय चुकत होते, पालखी एका बाजूला कलत होती. आजोबा गर्दीतून ओरडले, "देवाकडं नको बघू, समोरच्याकडं बघ!" मी समोर बघितलं. तो वाकला की मी वाकलो, तो वळला की मी वळलो. थोड्या वेळाने दांड्याचं ओझंच कळेना.

देव पडत नाही तो त्यामुळे, बाय. दोन माणसं एकमेकांचा ताल सांभाळतात म्हणून. आणि दमलेल्याच्या खांद्याखाली खांदा घालायला चार जण कायम तयार उभे असतात. तू विचारलंस ना, व्हिडिओत कुणीच खाली का बसलेलं नाही? बसून चालणारच नाही. कुणाची पाळी कधी येईल सांगता येत नाही.

आता हलवतात का ते. देव आनंदाने नाचतो, असं गावात सगळे मानतात आणि मीही मानतो. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा तुला खांद्यावर घेऊन मी घरभर नाचायचो आणि तू खिदळायचीस. आम्ही गावाकडे देवाला तसं खांद्यावर घेतो. वर्षभर त्याच्यापुढे हात जोडायचे आणि शिमग्यात घरच्या पोरासारखं त्याला मिरवायचं.

शिमगा सगळीकडे एकाच दिवशी नसतो. काही गावांत त्रयोदशीला होळी लागते, तो तेरसेचा शिमगा. काही गावांत पौर्णिमेला, तो भद्रेचा. आपल्याकडे होळीसाठी अख्खं झाड खांद्यावर वाहून आणतात, कुठे आंब्याचं, कुठे सुरमाडाचं, आणि ते आणताना जी आरोळी उठते ती दोन वाड्या पलीकडे ऐकू जाते. होम झाला की पालखी सहाणेवर बसते. सहाण म्हणजे गावात तिची बसायची ठरलेली जागा. मग तिथून ती घरोघर निघते.

एकही घर सुटत नाही, आणि मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. डोंगरावरच्या शेवटच्या घरापर्यंत पालखी चढते. ज्या म्हाताऱ्या बाईला देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, तिच्या अंगणात देव उतरतो. घरातल्या बायका देवीची ओटी भरतात, खण, नारळ, तांदूळ. मग गावकर, म्हणजे गावचा प्रमुख मानकरी, किंवा गुरव गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने सांगितलेलं घरातलं सुखदुःख. तो म्हणतो, "बा देवा म्हाराजा!" आणि अंगणातले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" कुणाचं लग्न जमत नसतं, कुणाची म्हैस आजारी असते, कुणाला नोकरी लागलेली असते. ते सगळ्यांसमोर बोललं जातं आणि त्या घरासाठी सगळं गाव हो म्हणतं.

कुठे कुठे खुणा घालतात. नारळ जमिनीत पुरून ठेवायचा आणि पालखीने तो शोधून काढायचा. पालखी नाचत, थबकत, मागे वळत बरोबर त्या जागी येऊन वाकते. मी लहानपणी माडाला टेकून श्वास रोखून हे बघायचो. शेजारच्या गावची पालखी म्हणजे आपल्या देवीची बहीण असेल तर दोघींची भेटही होते. दोन्हीकडचे ढोल एकदम वाजतात, पालख्या एकमेकींना टेकतात, आणि बायका पदराने डोळे पुसतात.

रात्री नमन. तुला बहुतेक हे जास्त आवडेल. नमन-खेळे म्हणजे गाणं, नाच आणि नाटक एकत्र. मृदंग आणि टाळ वाजतात. आधी धरतीला, देवांना, गावाला नमन करायचं, मग गण, मग गवळण. गवळणींची कामं पूर्वीपासून पुरुषच करत आले आहेत. दिवसा भात झोडणारा आपला शेजारी रात्री नऊवारी नेसून कृष्णाला दटावतो. आणि संकासुर! काळा झगा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो पोरांच्या मागे धावतो. मी त्याला इतका घाबरायचो की आजीच्या पाठीमागे लपायचो, आणि तो दुसऱ्या अंगणात गेला की त्याच्यामागे पळायचो.

तुला सगळं गोडगोडच सांगणार नाही. शिमग्यात मान असतात. पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्यावरून भांडणं होतात. आपल्या गावातही एकदा झालं आणि सलग दोन वर्षं रूपं पेटीतच राहिली. आजोबा त्या दिवसांत संध्याकाळी पडवीत बसायचे आणि कुठे ढोल वाजतोय का ते ऐकायचे. देव सगळ्यांच्या दारात येतो म्हणायचं आणि त्याच्या खांद्यासाठी भांडायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

आणि तुझा शेवटचा प्रश्न, तू जिन्यावरून ओरडून विचारलेला: मुलींना पालखी घेता येते का? माझ्या लहानपणी नाही. बायका ओटी भरायच्या, ओवाळायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या. तुझी आत्या माझ्यापेक्षा चांगला ठेका धरायची, पण तिला कुणी खांदा दिला नाही. ते चूक होतं. अलीकडे काही गावांत बायका पालखी नाचवतात. काकाने पाठवलेल्या व्हिडिओच्या अगदी शेवटी नीट बघ, हिरव्या साडीतली जी मागचा दांडा घेऊन गिरकी घेतेय ना, ती आत्या आहे. पन्नाशी उलटल्यावर मिळाला तिला खांदा.

आता घराचं. आजी-आजोबा गेल्यापासून आपलं घर वर्षभर बंद असतं. पहिल्या वर्षी मी जाऊ शकलो नाही. पालखी आली तेव्हा दाराला कुलूप होतं. भोई थांबले. ढोलवाल्यांनी हात आवरला. मग शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी आमच्या उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, स्वतःच्या घरचा नारळ आणला आणि आमच्या नावाने ओटी भरली. गाऱ्हाण्यात गावकर म्हणाले, "ह्या घरची लेकरं साता समुद्रापलीकडं हायत, त्यांची रखवाली कर म्हाराजा!" आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" काकाने ते फोनवर मला ऐकवलं. मी तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत होतो आणि बराच वेळ गाडीतच बसून राहिलो.

तेव्हापासून एक किल्ली काकूंकडे असते. फाल्गुन लागला की त्या दार उघडतात, जाळी काढतात, अंगण सारवतात, पडवीतला दिवा लावतात. दुसरी किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे, लाल दोरा बांधलेली. तू एकदा विचारलं होतंस, ही कशाची म्हणून.

पुढच्या शिमग्याला ती तू घेऊन चल. दार तू उघड. आत्याला सांगून ठेवलंय, पंचाची घडी कशी ठेवायची ते ती तुला दाखवेल.

तुझे,
बाबा