कोंबड्यांना मोड द्यायचेत? गव्हापासून सुरू करा

छान ठरवलंत, करा सुरू. आधी फक्त गहू घ्या, मूग-मटकी नंतर बघू. रात्री भिजत घाला, सकाळी पाणी काढून चाळणीत पातळ पसरा आणि दिवसातून दोन-तीनदा धुवत राहा, दोन-तीन दिवसांत मोड तयार.

नवीन माणसं चुकतात ती इथे:
- पेरणीचा रंगीत गहू आणतात, त्याला औषध चोळलेलं असतं. किराण्यातलाच घ्या.
- थर जाड लावतात, मग आतून गरम होऊन बुरशी धरते. बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला की सगळं फेकायचं, धुवून वाचवत बसू नका, कोंबडी दगावू शकते.
- ज्वारीचे कोंब नकोच, त्यातून सायनाइड तयार होतं.

आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं रोजचं खाद्य बंद करू नका हं, मोड वरून मूठभरच. ट्रेमधला हिरवा चारा कसा वाढवायचा ते हे जमलं की सांगतो.