कंट्रोलर बंद, तरी झटका कसा बसला?

पावसाळा लागला की ओव्हनबद्दल वाचकांची पत्रं वाढतात. या वेळी त्यांतली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली, कारण तो प्रकार मी शिरोलीपासून कागलपर्यंत अनेक कारखान्यांत पाहत आलोय आणि दर वेळी माणसं भलताच पार्ट बदलत बसतात.

प्रश्न : सर, आमचं पावडर कोटिंगचं इलेक्ट्रिक ओव्हन आहे, थ्री फेज, १८ किलोवॉट. एक हीटर तापत नव्हता. टेंपरेचर कंट्रोलर बंद केला, एसएसआरवरचा (सॉलिड स्टेट रिले, हीटर चालूबंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लाल दिवा विझलेला पाहिला आणि मागचं कव्हर काढलं. टेस्टर लावला तर अगदी मंद उजेड दिसला, म्हणून दुर्लक्ष केलं. नट सोडवायला गेलो आणि जोरात झटका बसला. नंतर मीटरने बॉडीला धरून पाहिलं तर २३५ व्होल्ट. एसएसआर बदलू का?
– मेंटेनन्स सुपरवायझर, गोकुळ शिरगाव

उत्तर : झटका जोरात होता ना, मग आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्या. हातापायाला काही झालं नाही म्हणून सोडून देऊ नका.

एसएसआर इतक्यात बदलू नका. पॅनेल उघडून हीट सिंकवर किती एसएसआर बसवलेत ते मोजा. माझा अंदाज, दोनच सापडतील. न्यूट्रल न जोडलेले थ्री फेज हीटर बंद करायला दोन फेज तोडल्या तरी भागतं, करंटला परतीची वाट उरत नाही. म्हणून पॅनेल बनवणारा तिसऱ्या एसएसआरचे पैसे वाचवतो आणि तिसरी फेज सरळ हीटरला देतो. हीटर थंड राहतात, कुणाची तक्रार नसते. पण ती तिसरी फेज हीटरच्या तारेतून स्टार पॉइंटपर्यंत, म्हणजे तिन्ही हीटरांची एकेक टोकं जिथे एकत्र जोडलेली असतात तिथपर्यंत, जाते आणि तिथून उरलेल्या हीटरांच्या टोकांपर्यंत पोचते. म्हणजे कुठल्याही नटाला हात लावा, बॉडीच्या मानाने तिथे २४० व्होल्टच्या आसपास असणारच. तुमचे २३५ व्होल्ट हेच असावेत. यात बिघाड काहीच नाही, वायरिंगच तसं आहे.

आणि तीन एसएसआर निघाले तरी निश्चिंत होऊ नका. एसएसआरच्या पोटात थायरिस्टर (करंट चालूबंद करणारा सेमीकंडक्टर) असतो आणि बहुतेक वेळा त्याला समांतर स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) जोडलेला असतो, त्यामुळे तो बंद असतानाही काही मिलिअँपिअर गळतात. हीटर धड असेल तर हे लक्षातही येत नाही. हीटर तुटलेला असला की मात्र डिजिटल मीटर एसएसआरच्या पुढेही जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतो. एसएसआर हीटर चालूबंद करायला असतो, त्याच्या भरवशावर टर्मिनलला हात लावायचा नाही.

आता कामाची रीत. ब्लोअर चालू ठेवून ओव्हन आधी थंड होऊ द्या. मग मेन आयसोलेटर (सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) खाली करा, त्याला कुलूप घाला, टॅग लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. वॉचमनकडे नको, पॅनेलच्या दारावर तर अजिबात नको. कंट्रोलची २३० व्होल्ट सप्लाय कुठून येते ते ड्रॉइंगवर बघा. पुष्कळ ठिकाणी ती लायटिंगच्या डीबीतून (डिस्ट्रिब्युशन बोर्डातून) घेतलेली असते, त्यामुळे मेन बंद करूनही पॅनेलमधल्या निम्म्या तारा जिवंत राहतात. जनरेटर असेल तर त्याचा चेंजओव्हरही पाहा.

त्यानंतर मीटर. किमान कॅट थ्री (मीटरच्या सुरक्षेचा दर्जा) ६०० व्होल्टचा हवा आणि त्याच्या प्रोब कुठे सोललेल्या नकोत. आधी तो चालू सप्लायवर लावून आकडा दाखवतोय का ते बघायचं. मग हीटरच्या टर्मिनलवर तिन्ही फेज आपसांत आणि प्रत्येक फेज अर्थिंगशी तपासायची. पुन्हा चालू सप्लायवर जाऊन मीटर अजून शाबूत आहे ना, हे पाहायचं. हा तिसरा टप्पा लोक गाळतात. मीटर मधेच मेला असेल तर त्याचा शून्य आणि सप्लाय बंद असल्याचा शून्य सारखाच दिसतो.

खिशातल्या निऑन टेस्टरवर मात्र काम करू नका. त्याचा दिवा तुमच्या शरीरातून जमिनीत जाणाऱ्या करंटवर पेटतो. रबरी बूट घालून लाकडी पाटावर उभं राहिलात तर तो मिणमिणतो, आणि शेडमध्ये ऊन आलं असेल तर दिसतही नाही. तुमच्या बाबतीत तर त्याने इशारा दिलाही होता.

एक सांगायचं राहिलं. एसएसआर खराब होतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो. मग कंट्रोलरने बंद केलं तरी हीटर तापतच राहतात आणि २०० डिग्रीचं ओव्हन कुठवर जाईल सांगता येत नाही. म्हणून हीटरच्या लाइनमध्ये कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) आणि तो पाडणारा वेगळा ओव्हर टेंपरेचर थर्मोस्टॅट असायलाच हवा. त्याचा सेन्सर कंट्रोलरच्या सेन्सरपेक्षा वेगळा आणि रीसेट हाताने करायचा. तुमच्या पॅनेलमध्ये तो नसेल तर एसएसआरच्या आधी त्याचे पैसे मंजूर करून घ्या.

प्रश्न : आमच्या ओव्हनच्या पॅनेलमधला पीएलसी (ओव्हन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) दुपारच्या शिफ्टला आपोआप रीस्टार्ट होतो, सकाळी नाही. त्याला सप्लाय देणारा २४ व्होल्टचा एसएमपीएस (एसीचा डीसी करणारा पॉवर सप्लाय) मोजला, बरोबर २४ दाखवतो. उघडून कपॅसिटर बदलला तर चालेल का?
– डिप्लोमा ट्रेनी, शिरोली

उत्तर : दुपारी होतं आणि सकाळी नाही, यातच निम्मं उत्तर आलं. पॅनेल ओव्हनच्या भिंतीला चिकटून आहे का? हात लावून बघा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० डिग्रीला साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यात ठोकताळा आहे. तो वाळला की एसएमपीएस रिकामा असताना २४ दाखवतो आणि लोड आला की बसतो. म्हणून मीटर लावून ठेवा आणि कॉन्टॅक्टर, सोलेनॉइड, दिवे सगळे एकदम चालू होतील त्या क्षणी आकडा बघा. २४चे २० झाले की पीएलसीने मान टाकलीच. मीटरला मिन-मॅक्स असेल तर ते वापरा, डोळ्यांना तो क्षण सापडत नाही. आणि चालू पॅनेलमध्ये प्रोब लावताना शेजारी जाणता माणूस हवा, एकट्याने करायचं काम नाही हे.

उघडायचं म्हणाल तर माझा सल्ला नाही असाच. एसएमपीएस नवा घ्या आणि लोडपेक्षा थोडा मोठा घ्या. बहुतेक एसएमपीएस साधारण ५० डिग्रीच्या पुढे पूर्ण लोड पेलत नाहीत, हे त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही. पॅनेल भिंतीपासून सरकवता आलं तर फारच उत्तम.

शिकण्यासाठी जुना उघडणारच असाल, तर आत काय आहे ते माहीत असू द्या. २३० व्होल्ट एसी आत गेला की रेक्टिफाय होऊन मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो. प्लग काढल्यावर तो उतरवायला एक बारीक रेझिस्टर असतो. तोच उडालेला असला की चार्ज आतच बसून राहतो, बाहेरचा हिरवा दिवा विझला तरी. कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे उस्ताद मी पाहिलेत. ठिणगी उडते, ट्रॅक जळतो, आणि डोळ्यांवर गॉगल नसला तर डोळाही जाऊ शकतो. ४.७ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावा. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यावर पाचेक सेकंदांत उतरतो. तरी मीटरने बघितल्याशिवाय बोट घालू नका. हे सगळं टेबलावर, तुमच्या वरिष्ठांसमोर.

प्रश्न : काका, आमची बेकरी आहे. इलेक्ट्रिक ओव्हन दोन आठवडे बंद होतं, आता चालू केलं की ईएलसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडतो. भाचा आयटीआयला आहे, तो म्हणतो ईएलसीबी बायपास करूया, तापलं की आपोआप ठीक होईल. करू का?
– बेकरीमालक, इचलकरंजी

उत्तर : नाही. भाच्याचं निदान बहुतेक बरोबर आहे, उपाय जीवघेणा आहे. हीटरच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, बंद ओव्हनमध्ये ती पावसाळी हवेतला ओलावा शोषते आणि करंट बॉडीत गळायला लागतो. ईएलसीबी काढलात आणि अर्थिंग कुठे सुटलेलं असलं, तर ट्रे ओढायला जाणाऱ्या पोराच्या हातात तीच बॉडी येणार. परवाना असलेला वायरमन बोलवा. तो सप्लाय तोडून हीटरच्या तारा दोन्ही टोकांना मोकळ्या करील आणि एकेक हीटर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासेल. तारा मोकळ्या न करता मेगर मारला तर एसएसआर आणि कंट्रोलर जाण्याची भीती, तेवढं त्याच्याकडून करून घ्याच. एक मेगओहमच्या खाली असलेले हीटर काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे डिग्रीला काही तास वाळवायचे आणि परत मोजायचे. आकडा वर आला नाही तर हीटर बदला. भाच्याला शेजारी उभं करून बघू द्या, शिकेल.

प्रश्न : ओव्हन १८० डिग्रीला पोचायला दुप्पट वेळ घेतं. क्लॅम्प मीटरने पाहिलं तर दोन फेजना जवळपास १२ अँपिअर, एका फेजला शून्य. पूर्वी तिन्हींना साडेतेरा असायचे. एकच हीटर गेला तर ताकद तिसऱ्या हिश्शानेच कमी व्हायला हवी ना?
– वर्कशॉप मालक, सांगली

उत्तर : न्यूट्रल नसलेल्या स्टारमध्ये तसं होत नाही. तुमच्या आकड्यांवरून हीटर ३ किलोवॉटचे दिसतात, म्हणजे प्रत्येकी १७-१८ ओहम. एक तुटला की उरलेले दोन एकामागे एक होऊन ४१५ व्होल्टवर बसतात. करंट १३.६चा ११.८ होतो, म्हणजे बघायला फार फरक नाही. पण तिन्ही हीटरांची मिळून ताकद बरोबर निम्मी होते. हीटर डेल्टात (प्रत्येक हीटर दोन फेजच्या मधे) असते तर तुमचा हिशोब बरोबर होता.

क्लॅम्प लावायला तार सोडावी लागत नाही, हे चांगलं. फक्त मोजायचं ते ओव्हन तापत असताना. तापमान गाठल्यावर एसएसआर चालूबंद होत राहतो आणि आकडा नाचतो. शून्यवाल्या फेजला सप्लाय तोडून, वर सांगितल्याप्रमाणे तपासून, आधी फ्यूज बघा. एसएसआरसाठी लावलेला फास्ट फ्यूज उडाला असेल तर तसाच फास्ट फ्यूज आणा, साधा एचआरसी (तितक्या झटकन न उडणारा) घालू नका, पुढच्या वेळी फ्यूजच्या आधी एसएसआर जाईल. फ्यूज धड असेल तर हीटरची एक तार सोडून ओहम मोजा, आणि टर्मिनलचा लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) काळा पडलाय का तेही बघा. हीटर शाबूत आणि नुसता लग जळालेला, असंही बऱ्याचदा निघतं. तिथे साधी पीव्हीसी वायर असेल तर ती काढून फायबरग्लास स्लीव्हची वायर घाला. साधी पीव्हीसी ७० डिग्रीची असते आणि तुमचं ओव्हन १८० चं आहे.