मेगापिक्सेल मागाहून, आधी पाऊस बघ
नवा फोन घ्यायचाय ना? रोज बसने फोंड्याहून पणजीला जाणार, दिवसभर गिऱ्हाइकांना फोटो नि बिलं पाठवणार, म्हणजे तुझा फोन औताला जुंपलेला बैल. १०८ मेगापिक्सेलच्या जाहिरातीला भुलू नकोस. असे बरेच कॅमेरे नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. त्यापेक्षा हात हलला तरी चित्र सावरणारं ओआयएस आहे का, ते विचार.

आपल्याकडे खरा प्रश्न पाण्याचा. फोन धूळ-पाणी किती सोसतो, ते ‘आयपी’चा आकडा सांगतो. आयपी५४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणार. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, पण तेही गोड्या पाण्यात. मिरामारला लाटेत पडला तर तो आकडा विसर. खारं पाणी चार्जिंगचं तोंड गंजवतं. माझा एक असाच गेला, नि पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही हे दुकानात गेल्यावर कळलं! भिजलाच तर पुसून सुकू दे, लगेच चार्जरला लावू नकोस. तांदळाच्या डब्यात तर मुळीच नको, पीठ आत जातं.

‘८+८ जीबी रॅम’मधले (रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी) दुसरे ८ स्टोरेजकडून उसने घेतलेले, ते हिशेबात धरू नकोस. बॅटरी ५००० एमएएचची पुरे. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, हे मात्र खोदून विचार. बँकेचं ॲप त्याच फोनवर चालवणार ना?

आणि हो, घेण्याआधी दुकानाबाहेर उन्हात स्क्रीन वाचता येते का, ते बघ.